जुन्या घरात इंडक्शन शेगडी आणि ओटीजी: नुसते सॉकेट बदलून भागेल का?

प्रश्न — ओट्यापाशी, डोंबिवली

आमची इमारत 1988 सालची असून स्वयंपाकघरातले वायरिंगही तेव्हाचेच आहे. ओट्याच्या वर एकच बोर्ड आहे आणि त्यावर 6 अँपिअरचे तीन पॉइंट आहेत. एकावर मिक्सर, दुसऱ्यावर वॉटर प्युरिफायर आणि तिसऱ्यावर, जाड पिन बसत नाही म्हणून कन्व्हर्टर प्लग लावून, 2000 वॅटची इंडक्शन शेगडी आम्ही गेले तीन महिने चालवत होतो. मागच्या आठवड्यात दूध तापत ठेवले असताना जळक्या प्लास्टिकचा वास आला. स्विच बंद करून पाहिले तर कन्व्हर्टरला बोट लावणे शक्य नव्हते, आणि सॉकेटच्या एका भोकाभोवतीचा नखाएवढा भाग तपकिरी होऊन फुगला होता. शिवाय ओटीजीच्या, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीच्या, पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येतात, याकडे मी आजवर दुर्लक्ष केले होते.

आमच्या वायरमनचे म्हणणे असे की सॉकेट 16 चे बसवू आणि शेगडी व मिक्सर एकदम लावल्यावर 10 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, त्याऐवजी 20 चा टाकू; वायर बदलायची गरज नाही. घरात सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी असते, म्हणून काम करून घेण्याआधी विचारते आहे.

उत्तर — परवानाधारक वायरमन, सातारा

ताई, हे काम असे करून घेऊ नका. आज जो एमसीबी पडतो आहे तोच तुमचे घर वाचवतो आहे. एमसीबी भिंतीतली वायर जळू नये म्हणून असतो, त्यामुळे त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरवायचा असतो. त्या काळच्या घरांत लाइटच्या बोर्डाला बहुधा एकची किंवा दीडची वायर असते, म्हणजे 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची. तिच्यावर 20 चा एमसीबी टाकला तर तो पडणार नाही, पण पाइपाच्या आत वायर तापत राहील, तिचे आवरण कडक होऊन तडकेल आणि बाहेर कुणाला पत्ताही लागणार नाही.

तुमची शेगडी 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर घेते. संपर्काच्या जागी होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सहाऐवजी पावणेनऊ अँपिअर गेला की ती दुपटीच्या वर जाते. त्यात कन्व्हर्टरमुळे ढिल्या संपर्काची आणखी एक जागा तयार झाली. तपकिरी डाग त्याचाच आहे. तो कन्व्हर्टर आजच टाकून द्या, कुणाला वापरायलाही देऊ नका.

मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत अडीचच्या तांब्याच्या वायरच्या दोन स्वतंत्र लाइन ओढून घ्या: एक शेगडीसाठी, दुसरी ओटीजी किंवा मायक्रोवेव्हसाठी. प्रत्येकीला 16 अँपिअरचा एमसीबी आणि सोबत अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणारी, हिरवी वायर हवीच. मायक्रोवेव्हवर 800 वॅट लिहिलेले असले तरी तो आकडा अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचा असतो. प्रत्यक्षात यंत्र 1200 वॅट किंवा त्याहून अधिक ओढते. भिंत फोडावीच लागेल असे नाही. जुना पाइप मोकळा असेल तर नवी वायर त्यातूनच ओढता येते, नाहीतर भिंतीवरून केसिंग पट्टी मारता येते. ती दिसायला थोडी खटकते, पण काम चोख होते.

उत्तर — कोल्हापूरची वाचक

झिणझिण्यांचे आधी पाहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे टोस्टरला असाच करंट जाणवत होता. सॉकेट उघडले तेव्हा आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये बोटभर लांबीचा वायरचा तुकडा जोडलेला दिसला. भिंतीत अर्थिंग आलेच नव्हते आणि पूर्वी कुणीतरी ते असे ‘करून दिले’ होते. पुढे न्यूट्रल कुठे तुटला किंवा ढिला झाला, तर यंत्राच्या पत्र्यावर पूर्ण 230 व्होल्ट येतात आणि तरीही एमसीबी पडत नाही, हे मला तेव्हा कळले. त्या दिवसापासून मी कोणाच्याही घरी गेले की हे आवर्जून सांगते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आज दुसऱ्या वायरमनना बोलावून बोर्ड उघडून घेतला. आमच्याकडे तुकडा नव्हता, पण अर्थच्या स्क्रूला कोणतीही वायरच जोडलेली नव्हती. आता दोन नव्या लाइन ओढायचे ठरले आहे. अर्थिंग खरोखर चालते, याची खात्री कशी करून घ्यावी?

उत्तर — परवानाधारक वायरमन, सातारा

नुसता टेस्टर लावून ते कळत नाही. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर 230 दाखवत असला तरी मीटर अगदी क्षुल्लक प्रवाह घेतो, त्यामुळे कमकुवत अर्थिंगही त्यात पास होते. म्हणून आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवण्यापूर्वी वायरमन त्या दोन टोकांमध्ये 100 वॅटचा साधा बल्ब लावून तो पूर्ण उजेडाने पेटतो का ते पाहतात. ही चाचणी तुम्ही स्वतः करू नका. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एकदोन व्होल्ट दिसणे ठीक, पण लोड चालू असताना चक्क शून्य आले तर कोल्हापूरच्या ताईंनी सांगितलेला तुकडा आत आहे का ते पाहायला सांगा.

यानंतर मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. जास्त लोडवर तो पडत नाही आणि एमसीबी गळतीवर पडत नाही, त्यामुळे दोन्ही लागतात. पावसाळ्यात बरेच दिवस बंद असलेला ओटीजी लावल्यावर आरसीसीबी पडला तर घाबरू नका. कॉइलच्या आतली पांढरी पूड दमट हवेतली ओल शोषते आणि त्यातून गळती होते. पण म्हणून आरसीसीबी काढून टाकू नका, ओटीजी दुरुस्तीला द्या.

सॉकेट नळापासून दूर आणि शेगडीच्या वाफेच्या थेट वर येणार नाही असे ठेवा. काम झाल्यावर तीनचार दिवस शेगडी वीसेक मिनिटे चालवा, ती बंद करून प्लग काढा आणि त्याला हात लावून पाहा. कोमट लागला तर चालेल. हात ठेववत नसेल तर आतला स्क्रू ढिला राहिला आहे, वायरमनला परत बोलवा. आणि वीजबिलावरचा मंजूर भार एकदा पाहा. तो 1 किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढवून घेण्याचा अर्ज याच महिन्यात करून टाका.