शब्दचर्चा : फुटबॉलच्या ‘प्ले’ला काय म्हणायचं, आणि ‘प्लेबुक’ कशात काढायचं?

खारघरवाली
शाळेतल्या मुलामुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवते. अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, पण अंगावर जायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची. दोन्हीकडे पाच-पाच जण. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईतच भरलं होतं, तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेटबरोबर हाही खेळ मंजूर झाला. लक्षात मात्र सगळ्यांच्या क्रिकेटच राहिलं.

आजवर ‘प्ले’, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं आणि कुठे धावायचं याची संघाने आधी ठरवलेली आखणी, खडूने जमिनीवर काढून भागवत होते. आता सॉफ्टवेअर घेऊन त्यांची नीट वही, म्हणजे ‘प्लेबुक’, करायची आहे, आणि ती मराठीत हवी, कारण वाचणारी मुलं मराठी शाळेतली आहेत. पहिल्याच पानावर अडले. ‘प्ले’ला काय लिहू? चाल, खेळी, डाव, व्यूह? शब्दही सुचवा आणि सॉफ्टवेअरही.

नेरूळचा बचावपटू
आधी ‘फुटबॉल’ या शब्दाचंच बघा. आमच्या नेरूळच्या स्टेडियममध्ये २०१७ ला मुलांच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने झाले, २०२२ ला मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. इथे फुटबॉल म्हटलं की पायाचाच. त्यामुळे ‘फुटबॉल ड्रॉइंग ॲप’ शोधलंत तर निम्मी ॲप आमच्या खेळाची निघतील. गोलजाळी असेल, कॉर्नर असेल, पण यार्डांच्या रेघा नसतील. पैसे भरण्याआधी मैदानाचा नमुना उघडून बघा.

बाकी आमच्यात तुमच्यासारखी वही कमीच लागते. खेळ वाहता असतो, ठरवून आखायला मिळतं ते फ्री किक नाहीतर कॉर्नरला.

मासुंदा
माझं मत ‘चाल’ला. ‘शत्रूवर चाल करून जाणे’ यात अख्खं सैन्य येतं, त्यामुळे पाच जणांनी मिळून करायच्या गोष्टीला तो शोभतो. ‘खेळी’ नको, ती एकट्या फलंदाजाची असते, नाहीतर राजकारण्याची. ‘व्यूह’ भारदस्त आहे, पण तो उभं कसं राहायचं ते सांगतो. पुढे काय करायचं हे त्यात येत नाही. आणि सहावीतली मुलगी ‘चला, व्यूह क्रमांक चार’ असं ओरडते आहे, हे मला काही डोळ्यांपुढे आणता येत नाही.

तालीम, कळवा
मासुंदा, चाल करून जाणं सैन्याचं हे खरं, पण मुलं ‘चाल’ शिकतात ती बुद्धिबळात. तिथे घोड्याची चाल वेगळी, उंटाची वेगळी. म्हणजे एका सोंगटीची हालचाल. ताईंना हवी आहे ती अख्ख्या संघाची, आधी घोटलेली, नाव असलेली गोष्ट. त्यासाठी शब्द आमच्या मातीत पडलेला आहे : डाव. धोबीपछाड, ढाक, कलाजंग हे सगळे डावच. प्रत्येकाला नाव आहे, पाय कुठे, हात कुठे हे ठरलेलं आहे, रोज घोटून घेतलेलं आहे. वस्ताद बाहेरून नुसतं नाव ओरडतो आणि पोराला कळतं. ‘प्ले’ म्हणजे दुसरं काय असतं?

वर एक शब्द फुकट मिळतो. डावाला तोड असते. बचाव करणाऱ्या संघाच्या आखणीला ‘तोड’ म्हणा. वही पुढून उघडली की डाव, मागून उघडली की तोडी.

मासुंदा
तोड मान्य, सुंदर आहे. पण डाव म्हणजे क्रिकेटची इनिंग. खो-खोतही डावच म्हणतात. गोंधळ होईल.

तालीम, कळवा
ताईंच्या खेळात इनिंगच नाही, मग गोंधळ कशाशी? पत्त्यांचा डाव आणि क्रिकेटचा डाव यांत आजवर कुणी घोळ घातलेला मी पाहिला नाही. आणि वर्तमानपत्रं ‘डावपेच’ हा शब्द सगळ्या खेळांना वापरतातच की.

खारघरवाली
डाव पटला. आता एकेका खेळाडूच्या धावण्याच्या मार्गाला, म्हणजे ‘रूट’ला? ‘धाव’ क्रिकेटने नेली. ‘वाट’ म्हणून पाहिलं, तर सरावाला मी विचारलं, ‘तुझी वाट कुठली?’ आणि उत्तर आलं, ‘माझी लागली, मॅडम.’ दहा मिनिटं सराव बंद.

तरी वाटच ठेवतेय. एकदा हसून झालं की शब्द डोक्यात बसतो. वाटांना आकडे असतात, बहुतेक पद्धतींत सम आकड्याची वाट आत वळते, विषम आकड्याची बाहेर, आणि ९ म्हणजे सरळ नाकासमोर. ‘सम आत, विषम बाहेर’ हे मुलांनी एका दिवसात पाठ केलं. फक्त ‘आत’ म्हणजे मैदानाच्या मध्याकडे, हे पहिल्या पानावर लिहायला लागलं.

जुईनगर
मी सॉफ्टवेअरवाला, पण उत्तर तुमच्या शब्दांतूनच देतो. तुम्ही तीन गोष्टी वेगळ्या केल्यात : मुलं उभी कुठे राहतात ती मांडणी, एकेकाची वाट, आणि सगळं मिळून डाव. विकत घ्यायचं सॉफ्टवेअर या तिन्ही गोष्टी वेगळ्या ओळखतं का, एवढं बघा.

पॉवरपॉइंट किंवा फुकट मिळणारं लिब्रऑफिस ड्रॉ यांना यातलं काही कळत नाही. त्यांच्या लेखी सगळे गोल आणि बाण. दहा-बारा डावांची वही असेल तर हरकत नाही. मैदान एकदा मागच्या थरावर, म्हणजे मास्टर स्लाइडवर, आखून ठेवा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत पाच जणांच्या खेळाचं मैदान २५ यार्ड रुंद आणि ५० यार्ड लांब असतं, शिवाय दोन्ही टोकांना गुण मिळवायचे १०-१० यार्डांचे पट्टे. अमेरिकेतल्या अकरा जणांच्या मैदानाची रुंदी ५३ पूर्णांक एक तृतीयांश यार्ड, तुमच्या दुपटीहून जास्त. तो नमुना वापरलात तर कागदावर मुलं ऐसपैस उभी दिसतील आणि मैदानावर एकमेकांवर आदळतील.

डाव वाढले की खरी पंचाईत. तीस डाव एकाच मांडणीवरून निघालेत आणि तुम्ही एका मुलीला दोन यार्ड मागे घेतलंत, तर तीस पानं हाताने दुरुस्त करायची. खास या कामाची सॉफ्टवेअरं मांडणी वेगळी साठवतात, त्यांत ती एकदाच बदलावी लागते. चाचणीच्या मुदतीत नेमकं हेच करून बघा. एक मांडणी, तीन डाव, मग मांडणी हलवा. तिन्ही हलले तर पुढे बोलू. व्हिजिओ (मायक्रोसॉफ्टचं आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) आणि पॉवरपॉइंटला जोडायचं प्रो क्विक ड्रॉ नावाचं एक साधन आहे, पण त्याचा गिऱ्हाईक तिकडचा पूर्णवेळ प्रशिक्षक. तुम्हाला ते जड होईल.

दुसरी परीक्षा मराठीची. नाव लिहायच्या चौकटीत ‘खिंडीतला क्षेत्ररक्षक’ असं लिहा आणि पीडीएफ काढा. पडद्यावर ठीक दिसतं, पीडीएफमध्ये वेलांटी सुटून पुढे जाते, ‘क्ष’ फुटतो, मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. त्या सॉफ्टवेअरला देवनागरी जोडताच येत नाही, फॉन्ट बदलून उपयोग होईलच असं नाही. फॉन्ट युनिकोडच घ्या. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ नावाचा चालेल, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेले. खेळाडू डाव लिहून मनगटावर बांधतात त्या पट्टीवरच्या बारीक अक्षरांना ‘मुक्त’ बरा.

शेवटचं, वर्गणी बंद केल्यावर वही कुणाची? बहुतेक ठिकाणी वर्गणी डॉलरमध्ये आणि वर्षाची असते. सगळे डाव पीडीएफमध्ये एका फटक्यात बाहेर काढता येत नसतील तर मी घेणार नाही.

खारघरवाली
उत्तम. एक राहिलं. डाव उलटवायचा, म्हणजे उजवीकडचा डावीकडे करायचा, तर वहीत ‘डावा डाव’ असं येतं. वाचताना मुलं अडखळतात. शिवाय काही ठिकाणी पान उलटवलं की अक्षरंही आरशातली होतात.

जुईनगर
अक्षरं उलटी होतात ती सगळं मिळून एक चित्र म्हणून उलटवल्यावर. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त बाण आणि खेळाडू उलटतात, तेही तपासून घ्या.

मासुंदा
डावं-उजवं बोलूच नका. अमेरिकन प्रशिक्षक डावीकडे असेल तर ‘लिझ’ आणि उजवीकडे असेल तर ‘रिप’ अशी हाक देतात, लेफ्ट-राइटच्या पहिल्या अक्षरावरून. आपल्याकडे डहाणू आणि उरण! ‘डहाणू चार’, ‘उरण चार’. समोरच्या संघाला दोन सामन्यांत कळेल, तेव्हा डोंबिवली आणि उलवे करा.

खारघरवाली
डहाणू-उरण आजपासून लागू. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर या मोसमात लिब्रऑफिसच, आमचे अजून चौदा डावही होत नाहीत. तीन मुलं एकमेकांना चिकटून उभी राहतात त्या मांडणीला मी ‘मोळी’ नाव दिलंय.

तालीम, कळवा
ताई, मोळी हा आमचा डाव आहे, मांडणी नाही.

खारघरवाली
तुमच्याकडे एकाची बांधतात, आमच्याकडे तिघांची आहे. आता याची तोड सांगा, मागच्या पानावर काढायची आहे.