मदत हवी आहे: वर्क-स्टडीतल्या मुलीचे तास फेब्रुवारीतच संपत आलेत

नमस्कार मंडळी. अमेरिकेत कॉलेजांमध्ये काम करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. जरा लांबलंय, पण वाचा.

मी एका लहान कॉलेजच्या लायब्ररीत आहे. ऑगस्टपासून काउंटरवरची सहा मुलं माझ्या हाताखाली दिली आहेत, सगळी फेडरल वर्क-स्टडीवाली. माहीत नसणाऱ्यांसाठी: फाफ्साचा (सरकारी शैक्षणिक मदतीचा) अर्ज भरलेल्या गरजू मुलांसाठी १९६४ पासून चालू असलेली ही सरकारी योजना. मंजूर रक्कम मुलांच्या हातात एकदम पडत नाही, तासांवर काम करून कमवावी लागते. कमाई त्या आकड्याला पोचली की त्या खात्यातून पगार बंद.

आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला वर्षाचे २,४०० डॉलर मंजूर आहेत. ताशी १६ डॉलर, म्हणजे १५० तास. दोन सेमिस्टरचे ३० आठवडे धरले तर आठवड्याला ५ तास. हा भागाकार मी ऑगस्टमध्येच करायला हवा होता, केला नाही. ऑक्टोबरात मिडटर्म सुरू झाल्या, दोन मुलं यायचीच बंद झाली आणि दर वेळी मी हिलाच मेसेज टाकला. ती एकदाही नाही म्हणाली नाही. फॉलमध्ये, म्हणजे पहिल्या सेमिस्टरमध्ये, तिचे १२० तास झाले, जानेवारीपासून आणखी २४. उरले ६ तास, म्हणजे ९६ डॉलर. आणि सेमिस्टर मे महिन्यापर्यंत आहे.

परवा तिला सांगितलं. ती ट्रॉलीवरची पुस्तकं नंबराप्रमाणे लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "पैसे नसले तरी चालेल, मी येत जाईन. इथे बरं वाटतं." मग दोन-तीन पुस्तकं लावून झाल्यावर, "फक्त घरचं फोनचं बिल मी भरते, तेवढं बघावं लागेल."

मला रात्री झोप लागली नाही. मी स्वतः साताऱ्याला रयतच्या कॉलेजात 'कमवा आणि शिका'मधून शिकले. लायब्ररीत पुस्तकांना लेबलं चिकटवायची, बोटांवर वाळलेला डिंक सोलत होस्टेलवर जायचं. महिन्याच्या त्या पैशांवर मेसचं बिल भागायचं. त्यामुळे ते पैसे थांबले की काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. आणि इथे ते माझ्या चुकीने थांबतायत.

तिला बिनपगारी येऊ द्यावं का? रक्कम वाढवून मिळते का, आणि कुणाकडे मागायची? जी दोन मुलं येत नाहीत त्यांच्याशी कसं बोलू? त्यांना काढून टाकायची इच्छा नाही, एक जण तर घरातला कॉलेजला आलेला पहिलाच मुलगा आहे.

प्रतिसाद १
ताई, मी एका कॉलेजच्या फायनान्शियल एड (विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीच्या) ऑफिसमध्येच काम करतो. आधी सगळ्यात महत्त्वाचं: तिला एक तासही फुकट बसू देऊ नका. जे काम पगारी आहे ते ती स्वखुशीनेही बिनपगारी करू शकत नाही, आणि टाइमशीटवर सही तुमची असते.

रक्कम वाढू शकते. दर वर्षी काही मुलं मंजूर पैसे वापरतच नाहीत, ते दुसरीकडे वळवता येतात. अट एकच, तिच्या गरजेच्या हिशोबात जागा शिल्लक हवी. सगळी मदत मिळून गरजेच्या वर जाता कामा नये. तुमच्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसकडे आजच लेखी मागा. एप्रिलमध्ये मागणारे फार असतात आणि तोवर पैसे उरत नाहीत.

नाही जमलं तर लायब्ररीच्या स्वतःच्या बजेटमधून तिला साधी विद्यार्थी-नोकरी द्या. पण एक लक्षात घ्या, वर्क-स्टडीत तिच्या १६ डॉलरपैकी साधारणपणे १२ पर्यंत सरकारचे असतात, तिथे पूर्ण १६ तुमचे. साहेबांकडे जाताना हा आकडा घेऊनच जा.

आणि तिचे तास तासिकांच्या वेळेत पडलेले नाहीत ना, हेही एकदा तपासा.

प्रतिसाद २
थोडं अवांतर, माझा भाचा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर येतोय. त्याला मिळेल का हे?

प्रतिसाद १ लिहिणारा
नाही. नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि आणखी काही ठरावीक गट, एवढ्यांनाच. एफ-१ वाल्याला कॅम्पसवरची दुसरी नोकरी करता येते, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत.

प्रतिसाद ३
मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते, आठ मुलं आहेत. तुमच्यासारखंच माझंही पहिल्या वर्षी झालं होतं. आता दर शुक्रवारी प्रत्येकाला त्याचे उरलेले तास मेसेजने कळवते, आणि सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या परीक्षांच्या तारखा मागून घेते. परीक्षेच्या आठवड्यात शिफ्ट निम्मी करते. न येणाऱ्या मुलांना "का आला नाहीस" विचारलं की ती गप्प होतात. "कुठली वेळ जमेल" विचारा. माझा एक मुलगा सकाळी आठला कधीच यायचा नाही. विचारल्यावर कळलं, रात्री तो गोदामात काम करत होता. त्याला दुपार दिली, मग एकही दिवस चुकला नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल अर्ज दिला, सोमवारी कळवतो म्हणालेत. मुलीला स्पष्ट सांगितलं की फुकट यायचं नाही, आणि चूक तिची नसून माझी आहे. ती म्हणाली, "मला वाटलं माझं काम आवडलं नाही." हे ऐकून फार वाईट वाटलं. न येणाऱ्यांपैकी एकाशी बोलले, तो आता मंगळवार-गुरुवार संध्याकाळी येणार आहे. दुसऱ्याचं उत्तर अजून नाही.

तिचे उरलेले ६ तास मी हात न लावता ठेवलेत. सोमवारपर्यंत तिच्या शिफ्टला काउंटरवर मीच बसतेय.