साडेतीन डॉलरच्या नासी लेमाकला 'अस्सल' म्हणायची घाई

करवंटी:
सिंगापूरकरांच्या गटात सकाळपासून फोटोसह एक पोस्ट फिरतेय. सेंगकांग उपनगरात निवासी इमारतीखालच्या, खाण्याचे स्टॉल असलेल्या कॉफी शॉपात नवा स्टॉल, नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, साडेतीन डॉलर. "चिकन विंग केवढी मोठी, वर अख्खं अंडं, चव एकदम अस्सल, याहून काय हवं?" खाली सगळ्यांच्या माना डोलतायत.

विंग मोठी आहे हे दिसतंच आहे. भाताबद्दल मात्र चकार शब्द नाही. अहो, पदार्थच भाताचा आहे! या ताटात काटकसर होते ती दोन ठिकाणी: नारळाच्या दुधात आणि संबलाला, म्हणजे मिरचीच्या परतलेल्या वाटणाला, द्यायच्या वेळात. फोटो नीट पाहा. भाताची ढेकळं झालीत, चमक नाही, म्हणजे पाणी जास्त आणि दूध नावाला. संबलाच्या कडेने तेलाऐवजी पाणी सुटलंय, म्हणजे मिरची कच्ची. बिलिस, म्हणजे तळलेले बारीक सुके मासे, काकडीला टेकून मऊ पडलेत. शेंगदाण्यांची सालं काळी, कारण गरम तेलात टाकले आणि रंग येईपर्यंत ठेवले. ते थंड तेलातून चढवायचे आणि फिके असतानाच उपसायचे, बाहेर आल्यावरही ते भाजत राहतात.

जायचं तर जा, पण पहिला घास नुसत्या भाताचा घ्या. मीठ लागलं पाहिजे, ओठाला स्निग्धपणा जाणवला पाहिजे, पांदानच्या सुवासिक पानाचा वास आला पाहिजे. नाहीतर तो विंग आणि भात आहे, दुसरं नाव देऊ नका.

उकडा_तांदूळ:
आली अस्सलपणाची पोलीस चौकी! फोटोवरून भाताची चव सांगणारे आपल्याकडेच.

साडेतीन डॉलर हा दर स्टॉलवाला लाडात येऊन ठेवत नाही. एचडीबीच्या, म्हणजे सिंगापूरच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, भाड्याच्या कॉफी शॉपना मे २०२३ पासून करार नव्याने करताना स्वस्त जेवणाचे पर्याय ठेवावेच लागतात. अशा ताटात सुटत नाही ते ओताह (पानात भाजलेली मसालेदार माशाची वडी) आणि जादा विंगवर काढायचं. २०१६ मध्ये ऍन सियांग हिलवर कोकोनट क्लब या हॉटेलने १२.८० डॉलरला नासी लेमाकचं ताट लावलं, तेव्हा "न्याहारीच्या भाताला एवढे?" म्हणून ओरड झाली होती. महाग केलं तरी बोंब, स्वस्त केलं तरी बोंब. कुकरचा भात थोडा चिकट होणारच. दाणा सुटा व्हावा म्हणून सकाळच्या रांगेत स्टॉलवाला भात दोनदा वाफवत बसेल का?

करवंटी:
रांगेत कशाला वाफवेल? ते काम पहाटेचं. आणि चिकटपणाचं कारण कुकर नाही, कुकरमध्ये सगळं दूध एकदम ओतणं हे आहे. दाट दुधातला साका तळाला बसतो, तिथलं तापमान शंभराच्या वर गेलं की थर्मोस्टॅटला वाटतं पाणी आटलं, बटण उडतं. तळ करपलेला, वरचा थर टचटचीत. मग लोक पाणी वाढवतात आणि लगदा होतो.

एक किलो जुना जास्मिन तांदूळ दोन तास भिजवा, निथळून २० मिनिटं वाफवा. मोठ्या पातेल्यात काढून ४०० मिली दाट दूध, २०० मिली पाणी, १५ ग्रॅम मीठ असं कोमट करून ओता. दहा मिनिटांत तांदूळ ते पिऊन घेतो. पांदानच्या चार पानांची गाठ आणि ठेचलेलं आलं घालून पुन्हा १५–२० मिनिटं वाफ. दाणा सुटा, आतपर्यंत दूध. कुठे आहे यात मोठा खर्च?

उकडा_तांदूळ:
गॅस, दोन मोदकपात्राएवढे स्टीमर आणि एक जास्तीचा माणूस, एवढाच! इमारतीखालच्या स्टॉलचं स्वयंपाकघर बघितलं तरी आहे का कुणी?

कुकरचा बरा मार्ग आहे. एक किलो तांदळाला एक लिटर पाणी, त्यातच मीठ, आलं, पांदान. बटण उडालं की २५० मिली दाट दूध वरून फिरवायचं, काट्याने हलकेच उलटवायचं, झाकण लावून १५ मिनिटं थांबायचं. तळाला काही बसत नाही. अनेक स्टॉल असंच करतात आणि तुम्ही चाटूनपुसून खाता.

करवंटी:
दूध दाण्यावर राहतं, आत जात नाही. सात वाजता छान, दहा वाजता वरून तेलकट, आतून कोरडा. शिवाय शेवटी घातलेल्या दुधाला उकळी येत नाही. भात ६० अंशांच्या खाली आला की दुपारपर्यंत आंबूस.

उकडा_तांदूळ:
६० च्या वर ठेवायचं ही अट दोनदा वाफवलेल्या भातालाही आहे, साहेब. तुमचा भात काय अमृत पिऊन येतो?

क्लांगकाठ:
क्वालालंपूरकडून दोन शब्द. वाफ की कुकर यावर रात्र घालवा, पण साडेतीन डॉलरच्या ताटात विंग आलीच कशाला? आमच्याकडची स्वस्त पुडी बघा. केळीचं पान, मूठभर भात, पाव अंडं, चमचाभर संबल, चार बिलिस. चिकन नाही. स्वस्ताई इथे प्रमाण लहान करून येते, दूध पातळ करून नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारीची नोंद घेतली, ती याच पुडीची, रोटी चनाई या पराठ्याची आणि तेह तारिक या दुधाच्या चहाची. तंगडीची नव्हे. हल्ली सगळीकडे आयाम गोरेंग बरेम्पाह, म्हणजे मसालेदार तळलेलं चिकन, ताटाच्या मधोमध ठेवतात आणि भात तोंडी लावायला!

उकडा_तांदूळ:
आले मलेशियावाले. रिंगिट आणि डॉलर एका तराजूत घालू नका. तुमच्याकडे अंड्यांवरचं अनुदानही १ ऑगस्ट २०२५ ला बंद झालं, पाव अंड्याची पुडी आणखी बारीक होईल.

क्लांगकाठ:
होऊ दे. पण त्यातला भात भातच राहील.

जवळा_सुकट:
कोणी भारतात करून बघण्याबद्दल बोलेल का? पांदान म्हणजे कोकणात परसात लावतात ती आंबेमोहोर पात, ताजी मिळते. बिलिसच्या जागी सुकी मांदेली चालतात का? आणि 'शाकाहारी संबल' म्हणून विकतात त्यात बऱ्याचदा बलाचान, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा, असतं, हे कुणी बोलत नाही. विचारलं की "थोडंसंच आहे" म्हणतात!

फोडणीवाला:
पातीबद्दल बरोबर. भात हिरवट दिसला तर नुसतं पान नाही, पानांचा रस किंवा बाटलीतला इसेन्स आहे.

बलाचान काढलं तर खारट खोली जाते, ती भरायला मिसो किंवा आंबवलेलं सोयाबीन घालावं लागतं. नुसती साखर वाढवून भागत नाही. आणि खरा घोळ तिथेच आहे. सिंगापुरात संबलाचा गोड जॅम झालाय. १०० ग्रॅम सुकी मिरची बिया झटकून दहा मिनिटं उकळा, पाणी फेका. २०० ग्रॅम छोटे कांदे, पाच लसूण पाकळ्या, १५ ग्रॅम भाजलेलं बलाचान यांच्याबरोबर पाणी न घालता वाटा. २०० मिली तेलात मंद आंचेवर ४० मिनिटं, तेल फुटून वर येईपर्यंत. चिंच आणि ४०–५० ग्रॅम गुला मलाका (माडाचा गूळ) त्यानंतरच. गूळ आधी पडला तर तळ लागतो, मग घाबरून लोक दहा मिनिटांत उतरवतात. कच्ची मिरची गोडाखाली लपते, पोटात गेल्यावर बोलते.

उकडा_तांदूळ:
४० मिनिटं ढवळत बसायला माणूस तुम्ही पाठवणार? तयार मिरची पेस्ट वापरली म्हणून आभाळ कोसळत नाही.

फोडणीवाला:
पेस्टला वेळ जास्तच लागतो, कमी नाही! तिच्यात पाणी असतं, ते आटल्याशिवाय तेल फुटणार कसं? करवंटींनी फोटोत दाखवलेलं पाणी तेच. हवं तर संबल आठवड्याचा एकदम करा, वर तेलाचा थर ठेवून फ्रिजमध्ये ठेवा. माणूस तितकाच लागतो, दिवस एक.

उकडा_तांदूळ:
बरं बाबा. संबल एकदम करून ठेवता येतो, हे मान्य. कच्चा होता हेही मान्य, फोटोतल्या पाण्यापुरतं. भाताचं मात्र मी मागे घेणार नाही. आणि विंग काढून पुडी लहान करा हे त्या स्टॉलवाल्याला तुम्हीच जाऊन सांगा. दुसऱ्या दिवशी रांगेत कोण उरतं ते बघू.

करवंटी:
रांग विंगची आहे हे एकदाचं कबूल केलंत. आभार.

जवळा_सुकट:
माझ्या मांदेलींचं उत्तर द्या आधी!

फोडणीवाला:
चालतील, पण पोट काढून. नाहीतर कडू लागतात. झटपट धुवा, कडकडीत वाळवा, १६० अंशांच्या आसपास तळा. ओली टाकलीत तर तेल उडेल आणि मासे चामट होतील. संबलात घालायच्या असतील तर वाढायच्या वेळी.