मळ्याची मंडळी: उन्हाळी भुईमूग कुठला?

दादा: रान तयार आहे. टीएजी 24 पेरायचा का टीपीजी 41? जानेवारी संपत आला, आजच सांगा.

ताई (पुणे): 41च! टपोरा दाणा, भाजून खायला बरा. मागच्या साली पोतीपण जास्त भरली होती ना?

आबा: पोती भरली. सोलल्यावर काय उरलं ते बघितलं का कुणी? मी दोन्हीच्या किलो किलो शेंगा फोडल्या. 24 चे 700 ग्रॅम दाणे निघाले, 41 चे 640. पोचट शेंगा 41 मध्येच जास्त.

दादा: तो दोष वाणाचा नाही आबा. आऱ्या (फुलातून जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना कॅल्शियमसाठी जिप्सम टाकायचं होतं, तेव्हा आपण सगळे लग्नात. टपोऱ्या दाण्याला कॅल्शियम कमी पडलं की शेंग पोकळ.

वहिनी: माझ्याच भावाचं लग्न होतं, माहीत आहे. दरवेळी ऐकवू नका 😄

छोटू (मुंबई): दोन्ही भाभा अणुसंशोधन केंद्राचे वाण ना? किरणं दिलेला भुईमूग खायचा?

आबा: किरणं त्याच्या आज्या-पणज्याला दिलती, तुझ्या ताटातल्या दाण्याला न्हाई. 24 अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर झाला, 41 राहुरीच्या. लहानपणापास्नं चटणी त्याचीच खातोयस.

ताई: मग 41 ला अडचण काय?

दादा: बियाणं. 24 चे शंभर दाणे 40 ग्रॅमच्या आसपास, 41 चे 60 च्या वर. 30 बाय 10 सेंटीमीटरवर टोकायचं तर दीडपट बी लागतं.

आबा: एक गुण मात्र हाय. काढणीला वळीव गाठला की 24 ला रानातच मोड येतात. 41 चा दाणा मोड न येता दोन-तीन आठवडे झोपून राहतो. पण त्याला तयार व्हायलाच 120 दिवस, म्हंजे जून उजाडला.

काकी: उगवण कुणीच विचारत नाही. घरचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले होते. 24 चे 86 उगवले, 41 चे 62. सत्तरच्या खालचं बी मी रानात जाऊ देणार नाही.

दादा: मग ठरलं. सगळीकडे घरचा 24. विहिरीकडच्या दोन वाफ्यांत 41, बी विद्यापीठाचं विकत आणतो. जिप्समची तारीख आत्ताच लिहून ठेवा.

काकी: 24 च्या शेंगा हातानंच फोडायच्या. यंत्रात दाण्याचं साल निघतं. कोण येतंय?

ताई: रविवारी येते.

काकी: मागच्या रविवारीपण येणार होतीस.