क्रूझच्या आधी हाँगकाँगमध्ये दोन दिवस, स्वतःचं स्वतः फिरायचंय

ओलीवाळू

मंडळी, सप्टेंबरमध्ये काई टाक टर्मिनलवरून आमची क्रूझ आहे. जहाज शनिवारी संध्याकाळी सुटतं आणि पाच रात्रींनी तिथेच परत येतं. मुंबईहून गुरुवारी सकाळी पोचू, म्हणजे हातात जवळजवळ दोन दिवस. आम्ही दोघं आणि सत्तरीतले आई-बाबा. चौघंही शाकाहारी, अंडंही चालत नाही.

जहाज कंपनीची शहरदर्शनाची सहल घ्यायची नाही. हॉटेल टर्मिनलजवळच घ्यावं का? नकाशात काई टाक नावाचं मेट्रो स्टेशन दिसतंय, तिथे उतरून चालत जाता येईल असं वाटतंय. आई-बाबांना झेपेल असं काय काय बघता येईल? जेवणाचंही सांगा.

बंदरवाट

चालत जायचा बेत आधी सोडा. काई टाक हा जुना विमानतळ. तो १९९८ साली बंद झाला आणि २०१३ साली समुद्रात शिरलेल्या धावपट्टीच्या टोकावर क्रूझ टर्मिनल उभं राहिलं. मेट्रो स्टेशन आहे ते धावपट्टीच्या मुळाशी. मध्ये जवळजवळ तीन किलोमीटर, सप्टेंबरातला दमट उकाडा आणि हातात बॅगा. नकाशात क्वुन टोंग स्टेशन त्याहून जवळ दिसेल, पण मध्ये पाणी आहे, वळसा घालावाच लागतो. काउलून बे स्टेशनजवळून ८६ नंबरची हिरवी मिनीबस टर्मिनलला जाते, पण तिच्यात सामानाला जागा नसते. चार जणांच्या बॅगा म्हणजे टॅक्सीच.

तिकिटावर टर्मिनलचं नाव पुन्हा एकदा वाचून घ्या. दुसरं क्रूझ टर्मिनल, ओशन टर्मिनल, चिम शा चुईच्या भर बाजारात आहे आणि दोन्हींमध्ये लोकांची गल्लत होते.

मुक्काम चिम शा चुईतच करा, हार्बरच्या काउलून बाजूला. टर्मिनलही त्याच बाजूला असल्यामुळे टॅक्सीला हार्बरखालचा बोगदा ओलांडावा लागत नाही. पलीकडच्या हाँगकाँग बेटावरून निघालात तर बोगद्याचा २५ डॉलर (सगळे डॉलर हाँगकाँगचे) टोल मीटरवर चढतो आणि टॅक्सी रिकामी परत जाणार म्हणून बहुतेक वेळा आणखी २५ द्यावे लागतात.

विमानतळावरून ए२१ बस घ्या. सुमारे ३५ डॉलर भाडं, खाली सामानाचे रॅक, आणि ती थेट चिम शा चुईच्या नेथन रोडवरून जाते. एअरपोर्ट एक्सप्रेस भरभर जाते, पण तिचं ‘काउलून’ स्टेशन चिम शा चुईत नाही. ते पश्चिमेला भरावाच्या जमिनीवर आहे, तिथून पुन्हा टॅक्सी करावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण प्रवासापूर्वीची ऑनलाइन नोंदणी लागते. प्रत्येकाची वेगळी, हाँगकाँग सरकारच्या संकेतस्थळावर, मोफत. पैसे मागणारं पान उघडलं तर ते सरकारी नाही. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा. निकाल लगेच दिसतो, आणि नकार आला तर रीतसर व्हिसा काढावा लागतो, त्याला काही आठवडे जातात. म्हणून ही नोंदणी विमानाच्या तिकिटाआधी करा. नोंदणी सहा महिने चालते आणि तेवढ्यात कितीही वेळा प्रवेश करता येतो, त्यामुळे जहाजावरून परत याल तेव्हाही तीच दाखवायची. नोंदणीची चिठ्ठी पांढऱ्या ए४ कागदावर छापून सही करा आणि खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा टर्मिनलवर ताब्यात घेतात, त्या थेट केबिनपाशीच दिसतात. जहाज मध्ये जपानला थांबणार असेल तर तो व्हिसा वेगळा.

डिंगडिंग

आई-बाबांसाठी हार्बरच सर्वांत उत्तम. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येकी एक ऑक्टोपस कार्ड, ५० डॉलर अनामत. मेट्रो, बस, ट्राम, फेरी सगळीकडे ते टेकवायचं. बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, त्यामुळे रोखीने फार अडतं.

गुरुवारी दुपारी झोप काढा आणि साडेपाचला स्टार फेरीने बेटावरच्या सेंट्रलला जाऊन अंधार पडल्यावर परत या. भाडं पाच-सात डॉलर, दहा मिनिटांची वाट. वरच्या मजल्यावर बसा. लाकडी बाकांच्या बैठकीला चांदणीच्या आकाराची भोकं आहेत आणि पाठ ढकलली की पलीकडे जाते, म्हणजे बोट कुठल्याही दिशेला निघाली तरी तोंड पुढेच. धक्क्याला लागताना निळ्या गणवेशातला खलाशी आकडीच्या काठीने दोर पकडतो, ते जरूर बघा. ही फेरी सुरू केली मुंबईहून गेलेल्या डोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी माणसाने, ‘स्टार फेरी’ हे नाव १८९८ पासूनचं. तुमच्या हॉटेलच्या आसपासच मोदी रोड लागेल, तो होर्मसजी मोदींच्या नावाचा, तेही मुंबईचेच पारशी. परत आलात की घड्याळाच्या मनोऱ्याजवळ रात्री ८ चा दिव्यांचा खेळ बघा, दहाएक मिनिटांचा आहे आणि फुकट.

शुक्रवारी सकाळी पीक, म्हणजे बेटावरचा डोंगर. डोंगर चढणाऱ्या पीक ट्रामची रांग उन्हात ताटकळवते. त्यापेक्षा सेंट्रलहून १५ नंबरची बस, वरच्या मजल्यावर पुढची जागा. वर गेल्यावर पैसे देऊन चढायच्या गच्चीची गरज नाही. लुगार्ड रोडची वाट सपाट आहे, पंधरा-वीस मिनिटं रमतगमत गेलं की सगळं बंदर खाली दिसतं. ढग डोंगरावर बसले असतील तर वर जाऊच नका, काहीही दिसत नाही. त्याऐवजी खालची, रस्त्यावरची ट्राम धरा.

ही ट्राम १९०४ पासून धावते, फक्त बेटावर. मागच्या दाराने चढायचं, पैसे उतरताना पुढे. पाटीवर नॉर्थ पॉइंट लिहिलेली घ्या. शेवटी ती चुन युंग स्ट्रीटच्या भाजीबाजारातून घंटा वाजवत जाते आणि माणसं अगदी शेवटच्या क्षणी रुळावरून बाजूला होतात. दुपारी गर्दी कमी असते, वर बसायला जागा मिळते.

सेंट्रलहून वरच्या मिड-लेव्हल्स वस्तीत जाणारे सरकते जिने बघायचे तर वेळ सांभाळा. सकाळी १० पर्यंत ते खाली येतात, नंतर वर जातात. उलट्या वेळी गेलात तर बाजूच्या पायऱ्या, आणि त्या आई-बाबांना नकोतच.

हिरवीपाती

जेवणाचं नीट समजून घ्या, कारण इथे ‘भाजी’ म्हणजे शाकाहार नव्हे. हिरव्या पालेभाजीवर ऑयस्टर सॉस (कालवांचा) असतो, टोफूत डुकराचा खिमा, सूपमध्ये कोंबडीचं किंवा माशाचं पाणी. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. बौद्ध शाकाहारी उपाहारगृह शोधा, तिथे कांदा-लसूणही बहुधा नसतो. अंडं-दूध मात्र विचारून घ्या.

नान लिआन बागेत धबधब्याच्या मागे ची लिन मठाचं शाकाहारी उपाहारगृह आहे. ईस्ट चिम शा चुई स्टेशनवरून टुएन मा लाइनने डायमंड हिल, गाडी बदलायची नाही. बाग फुकट आणि रस्ते सपाट. शुक्रवारी जेवायला तिथेच जा, पण बारा वाजायच्या आत.

रात्री भारतीय जेवण हवं असेल तर नेथन रोडवरची चुंगकिंग मॅन्शन्स ही इमारत. दारात खानावळींचे लोक गाठतात, ‘नको’ म्हणून आत चला. पैसे बदलणारेही तिथेच, पण दाराजवळच्या दुकानांपेक्षा आतल्यांचा भाव बरा असतो. नोटा द्यायच्या आधी हातात किती पडणार ते विचारा.

ओलीवाळू

फार उपयोग झाला, नोंदणी आजच करतो. दोन शंका: सप्टेंबरमध्ये वादळ आलं तर? आणि टॅक्सीत चौघं आणि चार मोठ्या बॅगा मावतील?

बंदरवाट

एका टॅक्सीत नाही मावणार. डिकीत दोन मोठ्या बॅगा नीट बसतात, तिसरीला झाकण दोरीने बांधतात. दोन टॅक्सी करा. लाल टॅक्सीचं पहिल्या दोन किलोमीटरचं भाडं २९ डॉलर, डिकीतल्या प्रत्येक बॅगेचे ६ वेगळे. रोख जवळ ठेवा. टर्मिनलचं नाव चिनीत लिहून घेऊन त्याचा फोटो दोन्ही फोनमध्ये ठेवा. नुसतं ‘क्रूझ’ म्हटलं तर चालक ओशन टर्मिनलला नेऊ शकतो.

वादळाचे इशारे १, ३, ८, ९, १० असे असतात. ३ ला शहर चालू असतं, फक्त दिव्यांचा खेळ रद्द होतो. ८ लागला की फेरी आणि ट्राम बंद, बस हळूहळू बंद, दुकानं बंद. त्याची सूचना वेधशाळा साधारण दोन तास आधी देते. ती आली की आहात तिथून मेट्रोने हॉटेल गाठा आणि खायचं घेऊन ठेवा. अशा वेळी जहाजाच्या वेळाही पुढे-मागे होतात, म्हणून बुकिंगमध्ये भारतातला बंद असलेला नंबर न देता तिथे चालू राहील तोच द्या.