1440पी मॉनिटर घेतला तर रेकॉर्डिंग सुधारेल का?

परळचा_प्लेअर
नमस्कार मंडळी. 24 इंची 1080पी (1920 बाय 1080 पिक्सेल) मॉनिटर, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, रायझन 5 5600 प्रोसेसर. ओबीएस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर वॅलोरंट आणि सायबरपंक 2077 हे गेम रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो. पीसीवर फाइल मस्त दिसते, पण यूट्यूबवर चढली की सायबरपंकमधला पाऊस आणि निऑनच्या पाट्यांचा नुसता चिखल होतो. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने सांगितलं की 27 इंची 1440पी घे, व्हिडिओ आपोआप सुधारतील. पैसे जमवलेत, पण एफपीएस (दर सेकंदाच्या फ्रेम) पडायची धास्ती वाटते. काय करू?

भांडुप_एडिटर
पैसे द्यायच्या आधी घरीच बघून घे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये डीएसआर फॅक्टर्स (गेम मॉनिटरपेक्षा मोठ्या रिझोल्यूशनला चालवायची सोय) उघड आणि 1.78 पटीवर टिक कर. गेमच्या सेटिंगमध्ये 2560 बाय 1440 दिसायला लागेल. कार्ड 1440पीचं पूर्ण ओझं उचलेल, तुझा मॉनिटर फक्त ते लहान करून दाखवेल. जे एफपीएस मिळतील, साधारण तेवढेच नव्या मॉनिटरवर मिळतील.

ओझं वाढतं ते पिक्सेलमुळे. 1080पीमध्ये सुमारे 20.7 लाख, 1440पीमध्ये 36.9 लाख. वॅलोरंट जास्त करून प्रोसेसरवर चालतो, तिथे फार फरक पडू नये. सायबरपंक मात्र कार्ड पिळून काढतो. तिथे डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करणारी सेटिंग) क्वालिटीवर ठेव, म्हणजे 1440पी दिसत असताना आतून गेम 960पीच्या आसपासच रेंडर होतो.

आता तो चिखल. तुझी फाइल चांगली दिसते म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये खोट नाही. यूट्यूब व्हिडिओ पुन्हा दाबतं, आणि पावसासारखं दर फ्रेमला बदलणारं चित्र त्यात आधी मरतं. 1440पी व्हिडिओला यूट्यूब जास्त बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) देतं आणि व्हीपी9 कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) वापरतं. लहान चॅनलच्या 1080पीला बऱ्याचदा जुना एव्हीसीच मिळतो. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' बघ, कोडेक तिथे लिहिलेला असतो. म्हणून आहे तेच 1080पी फुटेज एडिटरमध्ये 1440पीला एक्सपोर्ट करून चढव. 60 एफपीएसला यूट्यूब स्वतः 24 एमबीपीएस सुचवतं, त्याच्या खाली जाऊ नकोस. याला नवा मॉनिटर लागत नाही, आणि ते दुकानदाराने तुला सांगायला हवं होतं.

ठाणे_लोकल
एक भर घालतो. 1440पी घेतलास तर ओबीएसमध्ये बेस (कॅनव्हास) आणि आउटपुट (तयार फाइल) रिझोल्यूशन दोन्ही 2560 बाय 1440 ठेव. आउटपुट 1080पी केलंस तर चित्र पाऊणपट होतं, पिक्सेल नीट जुळत नाहीत आणि बारीक अक्षरं मऊ पडतात. करायचंच असेल तर लँझोस फिल्टर निवड.

परळचा_प्लेअर
दादा, डीएसआर लावून बघितलं. वॅलोरंट जवळपास तसाच. सायबरपंक डीएलएसएसवर खेळण्यासारखा चालतो. पण रेकॉर्डिंग अडखळतंय! खेळताना काही जाणवत नाही, फाइलमध्ये मात्र झटके. एन्कोडर (रेकॉर्डिंग दाबून फाइल बनवणारा भाग) कार्डातला एनव्हीइएनसीच आहे.

भांडुप_एडिटर
ओबीएसमधलं स्टॅट्स उघड. 'रेंडरिंग लॅग'चा आकडा चढत असेल. एनव्हीइएनसीचा चिपवरचा भाग वेगळा असतो हे खरं, पण सीन जुळवायला ओबीएसला कार्डाचा तोच भाग लागतो जो गेम वापरतो. गेमने 99 टक्के खाल्लं की ओबीएसच्या वाट्याला काही उरत नाही आणि फ्रेम गळतात. गेमला 60 एफपीएसची मर्यादा घाल, नाहीतरी व्हिडिओ 60चाच आहे. ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव, म्हणजे त्याला कार्डावर प्राधान्य मिळतं. एवढं करूनही आकडा चढला तर सावल्या आणि गर्दीची सेटिंग एक पायरी खाली आण.

आणि फाइल एमकेव्ही फॉरमॅटमध्येच ठेव. मध्येच लाइट गेली तरी तिथपर्यंतचं रेकॉर्डिंग वाचतं, साधी एमपी4 बहुतेक वेळा उघडतच नाही. नंतर ओबीएसमधूनच रीमक्स करून (चित्र पुन्हा न दाबता फक्त फॉरमॅट बदलून) एमपी4 करता येते.

परळचा_प्लेअर
60ची मर्यादा घातली, झटके गेले. आता जुनाच व्हिडिओ 1440पीला एक्सपोर्ट करून चढवतोय. प्रोसेसिंग संपलं की दोन्हींच्या लिंक इथे टाकतो, पावसाचा सीन बघून सांगा.