भाच्याला गेमिंग कन्सोल घ्यावा की टॅब्लेट?

उत्तरेश्वर_पेठ
भाच्याची दहावी झाली. निन्टेन्डो स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचा कन्सोल, पाहिजे म्हणून बसलाय, आणि मामा म्हटल्यावर खिसा माझाच. माझं मत विचाराल तर आज हातातला वेगळा कन्सोल घेणं म्हणजे पैसे रंकाळ्यात टाकणं. निन्टेन्डोचाच 2004 चा हातातला कन्सोल, डीएस, 15 कोटींवर खपला. मग 2007 ला आयफोन आला, पुढच्या वर्षी त्यावर गेम उतरवायला ॲप स्टोअर, 2010 ला आयपॅड. 2011 मध्ये निन्टेन्डोनं डीएसचा पुढचा अवतार थ्रीडीएस अमेरिकेत 250 डॉलरला आणला, तर सहा महिन्यांच्या आत 170 वर उतरवावा लागला. अध्यक्ष सातोरू इवातांनी स्वतःचा पगार निम्मा कापून घेतला. शेवटी खप झाला डीएसच्या साधारण निम्मा. सोनीचा हातातला कन्सोल व्हिटा तर कधी आला नि कधी गेला, कळलंच नाही. टॅब्लेटवर अभ्यास होतो, गेम होतो, सिनेमाही होतो. आणखी काय पाहिजे?

राजारामपुरीकर
गोष्ट 2011 लाच थांबवली की राव तुम्ही! 2017 ला स्विच आला आणि तोही 15 कोटींच्या पुढं गेला. तोपर्यंत स्मार्टफोन गल्लीबोळात पोचले होते, तरी. कारण तो टीव्हीलाही लागतो. आणि व्हिटाचं खापर मोबाईलवर कशाला? त्याला सोनीचंच वेगळं मेमरी कार्ड लागायचं, तेही महागडं.

आता खेळायचं बोलू. मोबाईलवर फुटबॉल खेळून बघा. डावा अंगठा काचेवर ठेवला की डावा विंगर अंगठ्याखाली गायब. पास मारायला बघावं तर बोट घामानं सरकतंय, आणि ऐन गोलच्या वेळी वरून सोसायटीच्या ग्रुपचा मेसेज टपकतो, 'पाणी उद्या उशिरा येईल'. बटणाला खाच असते, न बघता बोट जागेवर जातं. पेठेतल्या पोरांना फुटबॉलमधलं मी काय सांगणार म्हणा.

शिवाजीपेठ_भावा
सगळं खरं, पण पोरं कुठं आहेत ते बघा. 2020 ला पबजीवर बंदी आली तेव्हा कट्टा सुतकात होता. 2021 ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार, आल्यावर परत चौघं चार मोबाईल घेऊन बसली. ह्यो एकटा कन्सोल घेऊन बसला तर बाकीच्यांनी काय त्याचं तोंड बघायचं?

राजारामपुरीकर
स्विचचे दोन कंट्रोलर सुटे होतात भावा. एक तुला, एक मला. उभा ठेवायचा नि खेळायचं.

शिवाजीपेठ_भावा
आणि उरलेले दोघं?

मंगळवारपेठेतली_ताई
मी आईच्या नजरेनं बोलते. मोबाईलवरचा गेम फुकट म्हणतात, मग बंदुकीला नवा रंग, कपडे, पेटी उघडायला पैसे. आमच्याकडं यूपीआयचा पिन पोराला पाठ झाला होता, हिशेब महिन्याअखेरीला कळला. निन्टेन्डोच्या गेमचं कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये घालायचं छोटं कार्ड, एकदाच घ्यायचं, खेळून झालं की विकायचं. (लहानग्यांनी तोंडात घालू नये म्हणून त्याला कडू लेप असतो. धाकट्यानं चाखून खात्री केलीय.)

उत्तरेश्वर_पेठ
ताई, पिनचं पटलं. पण सेकंडहँड कार्ट्रिज कोल्हापुरात घेणार कोण? पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक गाठून कुरिअर करत बसायचं. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, सगळा बाहेरून आलेला माल. कंट्रोलरवरची अंगठ्यानं हलवायची स्टिक बिघडली तर दाद कुणाकडं मागायची? त्या स्टिक आपोआप सरकायच्या तक्रारी जगभर गाजल्यात. रीतसर बिलाचा पाहिजे तर आसुसचा आरओजी ॲलाय हा हातातला कन्सोल, 2023 ला इथं आला तोच 69,990 ला. तेवढ्यात लॅपटॉप येतो, आणि पोराला डिप्लोमाला जायचंय.

राजारामपुरीकर
सर्व्हिसचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण लॅपटॉप डिप्लोमासाठी घ्यायचाच आहे, मग टॅब्लेट कशाला? तुम्ही भाच्याच्या हौसेला अभ्यासाचं लेबल लावताय. जोतिबाच्या यात्रेत आपण विटा रचायचा गेम घ्यायचो, तेव्हा ह्यात अभ्यास होतो का म्हणून कुणी विचारलं होतं?

उत्तरेश्वर_पेठ
त्याची किंमत काय आणि ह्याची काय! टॅब्लेटच घेणार. रुसला तर त्याच्या आईनं बघावं.

मंगळवारपेठेतली_ताई
मग निदान ब्लूटूथ कंट्रोलर घेऊन द्या. पण त्याचे गेम कंट्रोलर धरतात का ते आधी त्यालाच विचारा, सगळे धरत नाहीत. आणि टॅब्लेटला यूपीआय जोडू नका.